दहापैकी दोन, दहापैकी दहा

२२ जून २०२४, शनिवार

अखेर ‘डेडली प्रेमोनिशन’ सुरू केला. २०१० साली या गेमला एका नामांकित समीक्षणात दहापैकी दोन गुण मिळाले आणि दुसऱ्यात दहापैकी दहा. समीक्षकांमध्ये सर्वांत जास्त फूट पाडणारा सर्व्हायव्हल हॉरर गेम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. पहिल्याच बैठकीत मला दोन्ही समीक्षकांचं म्हणणं पटलं.

आधी तक्रारी, कारण गेममध्येही त्याच आधी भेटतात. झाडं २०१० च्या मानानेही जुनाट दिसतात. खुनाची चौकशी चालू असताना मागे कुणीतरी मजेत शीळ घालत असल्याची चाल वाजते, तीही इतक्या मोठ्याने की समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. नकाशा तर केवळ छळ आहे. आपण वळलो की तोही वळतो, आणि सगळं गाव एका नजरेत दिसावं इतका लहान तो होतच नाही. झोंब्यांशी लढाया आहेत त्या कंटाळवाण्या, एकसारख्या. दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो, म्हणजे सगळे ज्याला ‘स्वेरी’ म्हणतात तो, याने पुढे सांगितलंच की मूळ आराखड्यात लढाया नव्हत्या, प्रकाशकांच्या आग्रहाखातर त्या मागाहून घातल्या. ते दिसतंच. घर बांधून झाल्यावर सासऱ्यांनी हट्टाने काढायला लावलेल्या माळ्यासारख्या त्या लढाया आहेत.

आणि तरी रात्री साडेबारापर्यंत उठलो नाही. एफबीआयचा एजंट फ्रान्सिस यॉर्क मॉर्गन हा गेम पेलतो. वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीनव्हेल या लाकूडतोड्यांच्या गावात एका मुलीचा खून झालाय, म्हणून तो आलाय. ‘ट्विन पीक्स’ मालिकेची छाया इतकी दाट आहे की सुरुवातीच्या आवृत्तीतला बराच भाग त्यापायी बदलावा लागला होता. पण यॉर्क मात्र कुणाची नक्कल नाही. कॉफीच्या कपात त्याला अक्षरं दिसतात आणि त्यावरून तो तपासाची दिशा ठरवतो. ‘झॅक’ नावाच्या कुणाशी तरी तो सतत बोलत असतो, चारचौघांत, जेवणाच्या टेबलावर, कुठेही. झॅक कोण ते कळत नाही, पण यॉर्कने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर निवडायचं ते आपण.

२४ जून, सोमवार

आज जवळजवळ नुसती गाडीच चालवली. गाव अवाढव्य, गाडी संथ, स्टिअरिंग अडेलतट्टू. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला मिनिटंच्या मिनिटं लागतात. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये मी इथेच बंद केलं असतं. पण गाडीत यॉर्क झॅकशी जुन्या सिनेमांबद्दल बोलतो. ऐंशीच्या दशकातले दुय्यम दर्जाचे चित्रपट, त्यांचे दिग्दर्शक, कोणता कुठे पाहिला. या गप्पांचा खुनाशी काडीमात्र संबंध नाही. रस्ता छोटा असता किंवा गाडी झपकन पोहोचली असती, तर त्या ऐकायला सवड कुठून मिळाली असती? वाईट ड्रायव्हिंगने मला या माणसाच्या शेजारी बसवून ठेवलं. हे ठरवून केलेलं नसावं. पण परिणाम तर झाला.

गावकऱ्यांची गोष्टही तीच. प्रत्येकाला आपलं घड्याळ आहे. कोण किती वाजता दुकान उघडतो, कोण दुपारी कुठे जेवतो, पाऊस आला की कोण घरी बसतो, हे सगळं ठरलेलं. कामाचं माणूस वेळेवर सापडत नाही, दुकान बंद मिळतं, मग सिगारेट पेटवून वेळ पुढे ढकलायची. यॉर्कची दाढी वाढते. सूट धुवायला टाकला नाही तर त्याच्याभोवती माश्या घोंघावतात. गैरसोय आहेच, पण त्या गैरसोयीतून गाव खरं वाटायला लागतं. लोकांच्या खिडकीतून आत डोकावायचीही मुभा आहे, आणि आत ते खरोखर आपापलं काहीतरी करत असतात. एवढी मेहनत ज्या मंडळींनी या खिडक्यांवर केली, त्यांच्याकडे झाडांसाठी पैसे उरले नाहीत.

गावातल्या धनाढ्य म्हाताऱ्याचं आवडतं सँडविच: टर्की, स्ट्रॉबेरी जॅम आणि सीरिअल. यॉर्क आधी नाक मुरडतो, मग खूश होतो. घरी करून बघावं म्हटलं, पण टर्की आणणार कुठून?

३० जून, रविवार

काल रात्री बार्बाडोसला आपण ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो. सात धावांनी. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा सोसायटीतल्या सगळ्या गॅलऱ्यांतून एकच आवाज आला. आज पालख्याही शहरात, रस्ते बंद, त्यामुळे भाचा इथेच अडकला. दुपारी त्याने जुन्या डेस्कटॉपवर काय लावावं? ‘क्रिकेट ०७’.

या गेमबद्दल कुणी चार ओळी गंभीरपणे लिहिल्याचं मी मराठीत वाचलेलं नाही. खरं तर आमच्या आणि नंतरच्या पिढीने जेवढा वेळ याच्यावर घालवला, तेवढा अभ्यासावरही नसेल. ईए स्पोर्ट्सने तो नोव्हेंबर २००६ मध्ये आणला. बनवला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने, म्हणजे जिथे बर्फ जास्त आणि क्रिकेट कमी अशा देशात. खऱ्या नावांचा परवाना मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांचा. आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड केलेली, चेहरे कुणाचेही. एकदा पुढे सरसावून उचलून मारायचा हुकमी फटका सापडला की गोलंदाजांची दया यावी अशी स्थिती. कॉमेंट्रीतली तीच ती वाक्यं इतक्या वेळा येतात की ती येण्याआधीच आम्ही म्हणायचो. आणि त्यानंतर ईएने क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही, म्हणजे दोष सुधारायला दुसरी आवृत्ती आलीच नाही.

तरीही भाच्याच्या त्या गेममध्ये या वर्षीचे आयपीएलचे संघ आहेत, जर्सीवर नवे प्रायोजक आहेत, स्टेडियमवरच्या पाट्यासुद्धा बदललेल्या. गेम बाजारात आला तेव्हा ट्वेंटी-ट्वेंटीचा पहिला विश्वचषकही झाला नव्हता, आयपीएलचं तर नावही नव्हतं. हे सगळं खेळणाऱ्यांनी केलं. कुणी जर्सी रंगवल्या, कुणी चेहरे चिकटवले, कुणी नावांची यादी दुरुस्त केली. सतरा-अठरा वर्षं, फुकट. भाच्याला विचारलं, नवे क्रिकेट गेम आहेत की, चांगले ग्राफिक्स असलेले. तो म्हणाला, “मामा, ते या कॉम्प्युटरवर चालतील का?”

ते एक कारण झालंच. पण आणखी एक आहे. चेंडू बॅटवर नेमका बसला की जो ‘टक्’ आवाज येतो आणि बोटांना जे कळतं, ते या गेमला बरोबर साधलंय. बाकी शंभर गोष्टी चुकल्या असतील, पण क्रिकेटच्या गेममध्ये ही एक साधली नाही तर बाकी शंभर साधून उपयोग नसतो. शिवाय दोघांना एकाच कीबोर्डवर खेळता येतं. चार-पाच कळा एकदम दाबल्या की त्यातली एखादी लागतच नाही, मग “तू मुद्दाम माझी कळ अडवलीस” यावरून भांडण.

मध्येच कॉमेंट्रीत रिची बेनो बोलले. २०१५ मध्ये ते गेले. इकडे आमच्या हॉलमध्ये भाच्याने मारलेल्या षटकारावर ते अजून आपल्या मोजक्या शब्दांत पसंती देतात.

कालचा तो झेल या गेममध्ये होणार नाही. भाच्याने बराच वेळ प्रयत्न केला.

७ जुलै, रविवार

‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ पुन्हा एकदा. माझ्या मते अपुऱ्या गेमांचा हा राजा.

याची जन्मकथाच दुर्दैवी. ट्रॉयका ही कंपनी टिम केन, लेनर्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन यांनी काढली. तिघेही मूळ ‘फॉलआउट’वर काम केलेले. त्यांनी एकूण तीनच गेम केले आणि तिन्ही गेमांत लिखाण उत्तम, बग अमाप. ‘ब्लडलाइन्स’साठी त्यांनी व्हॉल्व्ह कंपनीचं सोर्स इंजिन घेतलं. ते तेव्हा अजून पुरतं तयार व्हायचं होतं, आणि करार असा की व्हॉल्व्हचा स्वतःचा ‘हाफ-लाइफ २’ येईपर्यंत यांनी आपला गेम विकायचा नाही. १६ नोव्हेंबर २००४ ला दोन्ही गेम एकाच दिवशी बाजारात आले. त्या दशकातल्या सगळ्यात गाजलेल्या गेमांपैकी एक शेजारच्या फळीवर, आणि त्याच इंजिनावर चालणारा हा अर्धाकच्चा. फेब्रुवारी २००५ मध्ये ट्रॉयका बंद झाली.

पहिल्या आवृत्तीत एका ठिकाणी काम संपवून होडीत बसलं की गेमच बंद पडायचा. म्हणजे कथा पुढे सरकायचा रस्ताच तिथे तुटलेला. उत्तरार्धात गटारांतून जायचा भाग आहे, तो संपतच नाही. आणि सगळ्यात मोठा अन्याय असा: अर्धा गेम आपल्याला सांगतो की बोलून, फसवून, मोहात पाडून काम साधा, त्यात गुण घाला. शेवटच्या टप्प्यात मात्र सगळीकडे मारामारीच. ज्याने आपलं पात्र गोडबोल्या केलं, तो तिथे मार खात बसतो. हा बग नव्हे. वेळ आणि पैसा संपल्यावर लिखाण आधी कापलं जातं, कारण खोलीत दहा शत्रू उभे करणं संवाद लिहिण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पण सँटा मोनिकाच्या त्या पहिल्या वस्तीत काय बहार आहे! ओशन हाउस हॉटेल आज पुन्हा खेळलो. जळालेलं, सोडून दिलेलं हॉटेल, आत जाऊन एक वस्तू आणायची. तिथे एकही शत्रू नाही. तुमच्याकडे तलवार असो वा बंदूक, मारायला कुणी नाही. भांडी अंगावर येतात, दिवे फुटतात, वर्तमानपत्राच्या कात्रणांतून एका कुटुंबाचं काय झालं ते हळूहळू उलगडतं. आपण स्वतः व्हॅम्पायर, लोकांनी आपल्याला भ्यावं असे. तरी कॉरिडॉरच्या टोकाला काही हललं की हात थांबतो.

आणि मॅल्कॅव्हियन वंश. या वंशाचं वेडेपण वरवरचं नाही, त्याचे सगळे संवाद वेगळे लिहिलेत. पुढे येणारी रहस्यं तो बडबडीत आधीच सांगून टाकतो, पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला ती कळत नाहीत. टीव्हीवरचा बातमीदार त्याच्याशी बोलतो. रस्त्यावरच्या ‘स्टॉप’च्या पाटीशी तो भांडतो. नॉस्फेराटू निवडला तर तोंड इतकं भयाण की लोकांसमोर येणंच निषिद्ध, म्हणून तेच गाव गटारांतून हिंडायचं. ज्या कंपनीकडे शेवट पुरा करायला पैसे नव्हते तिने हे लाड केले! व्यवहारी माणसाने आधी मॅल्कॅव्हियनचे संवाद रद्द केले असते, होडीचा बग दुरुस्त केला असता, आणि आज त्या गेमचं नावही कुणाला आठवलं नसतं.

मी हे कौतुकाने लिहितोय, पण ज्याने २००४ मध्ये पूर्ण पैसे मोजून सीडी घेतली आणि होडीपाशी अडकला, त्याच्यापुढे हा युक्तिवाद करायची माझी हिंमत नाही.

८ जुलै, सोमवार

कालचं अर्धं राहिलं. आज ‘ब्लडलाइन्स’ सुरळीत चालतो तो जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञामुळे. ‘वेस्प५’ या नावाने तो दुरुस्तीचे पॅच काढतो. कंपनी बुडून एकोणीस वर्षं झाली, याचं काम चालूच. नुसते बग काढून तो थांबला नाही. गेमच्या फाइलींत दडलेले, अर्धवट सोडलेले भाग शोधून त्याने परत जोडले. यावरून चाहत्यांत वाद आहेत. काहींचं म्हणणं, जे कापलं ते कापलेलंच बरं होतं. त्याने तोडगा काढला. पॅच बसवताना निवडता येतं: फक्त दुरुस्ती हवी की वाढीव मजकूरही. मी फक्त दुरुस्तीवाला. जुन्या वाड्याचं गळणारं छप्पर शाकारावं, नवा मजला चढवू नये. पुतणी वाढीव मजकूरवाली. ॲनिमेशन शिकते, तिला प्रत्येक फाइल उघडून बघायची असते.

१३ जुलै, शनिवार

पुतणी आली होती. तिला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ दाखवायचा होता, म्हणजे मला खेळायला लावून स्वतः बघायचं होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा प्रयत्न फसला. तरी तो २०२० मध्ये पुरा झाला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम स्वतंत्र गेमसाठी नामांकनापर्यंत गेला.

राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिची गोष्ट सांगतात, एकमेकांशी सहमत नसताना जास्त रंगतात. राजस्थानी वास्तुकलेचे महाल, पहाडी चित्रशैलीचे रंग, छायाबाहुल्यांसारखी मधली दृश्यं. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की त्या कथा ऐकू येतात. पुतणीने प्रत्येक भिंतीपाशी मला उभं केलं.

आता तक्रारी. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे उडी नेमकी कुठे पडेल याचा अंदाज चुकतो. लढाईत राजी खांबाला गिरकी घेते, भिंतीवरून धावते, ते सुंदर दिसतं, पण मध्येच आपण दिलेली आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि शेवट! कथा आता कुठे वेग घेतेय असं वाटतं आणि पडदा पडतो.

पुतणीला माझ्या तक्रारी आवडल्या नाहीत. “काका, छोटी टीम आहे. आपल्याकडे असं आधी कुणी केलंय का?”

यावर मी अडून बसलो. ‘आपला आहे’ म्हणून गुण वाढवणं हा त्या मंडळींचा अपमान आहे. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी हैदराबादला बनलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला होता, तोही आपलाच होता. आपलेपणापलीकडे त्याच्यात माझ्या हाती काही लागलं नाही. ‘राजी’त लागतं. त्याच्या भिंती, त्याचा उजेड, देवळाच्या पायऱ्यांवरून खाली बघताना कॅमेरा अचानक दूर जातो आणि मुलगी मुंगीएवढी दिसते तो क्षण. गंमत म्हणजे उड्या चुकवणारा आणि हा क्षण देणारा कॅमेरा एकच आहे. तो खेळाडूच्या हाती दिला असता तर लढाया सुधारल्या असत्या आणि चित्रं गेली असती. त्यांनी चित्रं निवडली. मी असतो तर काय निवडलं असतं, असं पुतणीने विचारलं. चित्रंच, म्हटलं. “मग तक्रार कसली?” उडी चुकल्याची. तक्रार करत करतच मला हा गेम आवडतो.

१८ जुलै, गुरुवार

ऑफिसात या अपुऱ्या गेमांबद्दल बोलताना एकाने ‘सायबरपंक २०७७’चं उदाहरण दिलं. “तोही सुरुवातीला वाईट होता, आता बघ.” ते उदाहरण इथे बसत नाही. १० डिसेंबर २०२० ला तो आला. जुन्या प्लेस्टेशन ४ वर त्याची अशी दैना की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातूनच काढून टाकला, पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर तो खरंच देखणा चालतो. पण तिथे पैसा होता, माणसं होती, घाई मात्र व्यवस्थापनाची. पोटात भूक असताना केलेली चूक आणि ताट भरलेलं असताना केलेली चूक यांना मी एकाच रांगेत बसवत नाही.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून पाणी सोडलं. सिंहगड रोडकडच्या सोसायट्यांत ते शिरल्याच्या बातम्या. आमच्याकडे वीज नाही, शाळा-ऑफिसं बंद. लॅपटॉपवर गेम चालवावा एवढी बॅटरी नाही, म्हणून नुसतं लिहितो.

‘डेडली प्रेमोनिशन’च्या त्या गुणांवरून आठवलं. ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’, ऑक्टोबर २०१०. ऑब्सिडियनने जेमतेम दीड वर्षात केला. आला तेव्हा सुरुवातीच्याच प्रसंगातल्या डॉक्टरचं डोकं मानेवर गरागरा फिरायचं, भयपटात शोभेल असं. प्रकाशकाशी करार असा होता की मेटाक्रिटिकवर सरासरी ८५ आली तर बोनस. सरासरी आली ८४. ऑब्सिडियनच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. एका गुणाने बोनस गेला.

सरासरी काढणाऱ्याला डोकं फिरणारा डॉक्टर दिसतो, तो वजा होतो. प्रत्येक वस्तीतल्या माणसाला तुमच्या जुन्या कृत्यांची खबर असते, तीही दिसते, ती अधिक होते. मग दोन्ही मिळून ८४. पण खेळणारा असं बेरीज-वजाबाकीने खेळत नाही. त्याच्या मनात डॉक्टर विनोद म्हणून उरतो आणि वस्ती गोष्ट म्हणून उरते, दोन्ही आपापल्या पूर्ण आकारात. ‘डेडली प्रेमोनिशन’ला दोन आणि दहा मिळाले. सरासरी सहा. सहा गुणांचा गेम मला त्यात कुठेही भेटला नाही.

संध्याकाळी वीज आली. खालच्या मजल्यावरच्यांकडे पाण्याचे पंप पाठवायला मदत केली.

४ ऑगस्ट, रविवार

‘डेडली प्रेमोनिशन’ संपला. झॅक कोण ते कळलं. इथे लिहीत नाही, पुतणी ही वही चाळते. एवढं नोंदवतो की इतके दिवस पडद्यावरची उत्तरं मी कुणाच्या वतीने निवडत होतो, हे कळल्यावर खुर्चीतून उठून पाणी प्यायलो.

लगेच दुसरा भाग लावला. हा २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. लुइझियानातलं गाव, यॉर्क स्केटबोर्डवर. इथे सगळे जुने दोष हजर आहेत, उलट वाढलेत. पडदा अडखळत सरकतो. इतके प्राणी मारा, इतक्या वस्तू गोळा करा, अमुक वारी या, अशी कामं. ज्यांनी पहिल्या भागाच्या वेंधळेपणालाच त्याचं सौंदर्य ठरवलं होतं, त्यांनी हा भाग खेळावा. वेंधळेपणा पुरेपूर मिळेल. यॉर्क अजून छान बोलतो, पण आपण वेंधळे आहोत म्हणून लोकांना आवडतो, हे या गेमला कळलेलं दिसतं. पहिल्यात तसं नव्हतं. पहिला गेम मनापासून ‘चांगला’ व्हायला बघत होता, खिडकीमागच्या प्रत्येक माणसासकट.

पुतणीला हे मान्य नाही. तिचं म्हणणं, मी स्वेरीवर वय झाल्याचा आरोप करतोय, तोही स्वतःचं वय झालेलं असताना. फोनवर अर्धा तास वाद. शेवटी ती म्हणाली, पुढच्या रविवारी ‘पॅथॉलॉजिक’ आणते, रशियन आहे, २००५ चा, त्यात साथीच्या गावात बारा दिवस उपाशीपोटी चालायचं असतं आणि तो चालण्याचा कंटाळा मुद्दाम ठेवलाय असं लोक म्हणतात. मुद्दाम आहे की नाही ते खेळल्यावर ठरवू, म्हटलं. येताना कंट्रोलर घेऊन ये, माझ्याच्या डाव्या कांडीला हल्ली आपोआप डावीकडे जायची सवय लागलीय.